घरातील विजेच्या उपकरणांची दुरुस्ती: खोलण्याआधी, खोलताना आणि पुन्हा जोडण्यापूर्वी

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात सासऱ्यांच्या घरचा छताचा पंखा बंद पडला, आणि कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा छोटा भाग) बदलण्याचे काम पंधरा मिनिटांचे आहे असे म्हणून मी ते अंगावर घेतले. मीटरजवळचा मेन स्विच खाली केला, लाकडी स्टूलवर चढलो, पंख्याची वरची वाटी सरकवली, टेस्टर लावून पाहिला, त्याचा दिवा लागलेला दिसला नाही आणि मी वायरला हात घातला. त्यानंतरचे मला आठवते ते जमिनीवर पडलेल्या अवस्थेतले. मनगट मुरगळले, डोके पलंगाच्या कडेपासून वीतभर अंतरावर पडले, एवढ्यावर निभावले.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा चुकांची साखळीच हाती लागली. त्या घरात इन्व्हर्टर होता. मेन बंद होताच त्याने नेहमीच्या सवयीने दिवे आणि पंखे आपल्याकडे घेतले. पंख्याचे बटण चालूच राहिले होते, कारण मेन बंद केल्यावर बटणाकडे पाहण्याची गरज मला वाटली नव्हती. पंखा फिरत नव्हता तो बिघडल्यामुळे, आणि मी त्याच्या न फिरण्यालाच वीज गेल्याचा पुरावा मानले. टेस्टरचे म्हणाल तर त्यातील निऑनचा इवलासा दिवा आपल्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर लागतो. मी कोरड्या लाकडी स्टूलवर उभा होतो आणि खिडकीतून दुपारचे ऊन येत होते. दिवा मंद लागला असणार, पण तो मला दिसला नाही.

मी परवानाधारक वायरमन नाही. त्या पडण्यानंतर एका जुन्या दुरुस्ती कारागिराकडे रविवारी बसून हे काम शिकलो, आणि आता घरच्या व ओळखीच्यांच्या इस्त्र्या, मिक्सर, पंखे दुरुस्त करतो. वीज बंद केली असे आपण म्हणतो, तेव्हा तो केवळ आपला समज असतो आणि तो दरवेळी तपासून घ्यावा लागतो, एवढीच गोष्ट मी नवशिक्याला पुन्हा पुन्हा सांगेन. पुढील बहुतेक सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

१. किती वीज घातक असते, हे आधी नीट समजून घ्या

आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा येतो. हाताच्या ओलसर त्वचेसह माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ते दोन हजार ओहम धरला, तर फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला, हात लागून जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून ११५ ते २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. सुमारे १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू असे आवळतात की पकडलेली वायर सोडता येत नाही. त्याहून अधिक प्रवाह छातीतून काही काळ वाहिला, तर हृदयाची लय बिघडून ते रक्त ढकलणे थांबवते.

हे आकडे किती लहान आहेत ते पाहायचे असेल, तर देवघरातला झिरोचा बल्ब आठवावा. नाव झिरो असले तरी जुना तारेचा झिरो बल्ब बहुधा १५ वॅटचा असतो आणि सुमारे ६५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. रात्रभर मिणमिणणाऱ्या त्या बल्बला लागणारी वीज माणसाचा जीव घेण्यास पुरेशी आहे.

म्हणूनच ‘घरात एमसीबी आहे, काही झाले तर पडेल’ या भरवशावर राहू नये. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा खटका, वायरचे रक्षण करते. ६ किंवा १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तुमच्या शरीरातून जाणारा पाव अँपिअर प्रवाह म्हणजे एक लहानसा दिवा आहे, त्यासाठी ती पडणार नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी. बोलताना बरेच जण तिला ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ती एका सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर तिच्या दृष्टीने तुम्ही एक उपकरणच ठरता आणि ती स्वस्थ राहते.

२. काय उघडायचे आणि काय उघडायचे नाही

नवशिक्याने साधी इस्त्री, मिक्सर, टेबल पंखा, छताचा पंखा, टेबल लॅम्प आणि बिघडलेली पिन किंवा वायर यांपासून सुरुवात करावी. यांची रचना डोळ्यांना दिसते आणि बिघाड बहुधा वायर, खटका, कपॅसिटर किंवा कार्बन ब्रशमध्ये सापडतो.

मायक्रोवेव्ह ओव्हन कधीही उघडू नये. ही गोष्ट मी वाद न घालता मान्य करायला सांगतो. त्यातील कपॅसिटरवर २,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि पिन काढून ठेवल्यानंतरही तो भार त्यात टिकून राहू शकतो. इंडक्शन शेगडी, इन्व्हर्टर एसी आणि वॉशिंग मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड यांत २३० व्होल्टचे रूपांतर सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात होते, आणि त्या बोर्डावरील कोणताही बिंदू जमिनीच्या संदर्भात सुरक्षित नसतो. गीझर ओल्या जागेत असतो, म्हणून तोही जाणकाराकडेच सोपवावा. पाणी तापवण्याच्या रॉडची गुंडाळी तडकलेली दिसली, तर ती दुरुस्त करत बसू नये, रॉड टाकून द्यावा.

आणखी एक मर्यादा कायद्याची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घराच्या वायरिंगमध्ये भर घालणे, बदल करणे किंवा दुरुस्ती करणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत करायचे असते. दिवा, पंखा, फ्यूज, खटका किंवा घरगुती उपकरण यांच्या जागी त्याच क्षमतेचे दुसरे बसवण्यास त्यातून सूट आहे. त्यामुळे इस्त्रीची वायर तुम्ही बदलू शकता, पण स्वयंपाकघरात नवीन पॉवर पॉइंट काढण्यासाठी भिंत फोडायला बसू नये.

३. कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रे फार लागत नाहीत, पण काम सुरू झाल्यावर ती शोधण्याची पाळी येऊ नये. खरेदीची पावती आणि वॉरंटी कार्ड पाहून मुदत शिल्लक आहे का ते तपासावे, कारण स्क्रू एकदा फिरला की बहुतेक वेळा वॉरंटी संपते. माहितीपुस्तिका असल्यास जवळ ठेवावी. उपकरणाच्या तळाला व्होल्ट, वॅट आणि मॉडेल क्रमांक लिहिलेली पट्टी असते, तिचे छायाचित्र घ्यावे. त्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असेल, तर ते उपकरण दुहेरी आवरणाचे आहे आणि त्याला अर्थिंगची (गळणारी वीज जमिनीकडे नेणारी) तार नसणे हा दोष नव्हे. असे चिन्ह नसलेल्या धातूच्या उपकरणाला मात्र तीन तारा हव्यातच.

साधनांमध्ये दांडीवर आवरण असलेले दोन स्क्रू ड्रायव्हर, इन्सुलेटेड पक्कड, वायरचे साल काढण्याचे साधन, पॉलिश पेपर, टेस्टर आणि मल्टिमीटर एवढे पुरते. मल्टिमीटरवर ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ असा दर्जा छापलेला असावा. रस्त्यावर मिळणारा अगदी स्वस्त मीटर बॅटरी तपासण्यास ठीक आहे, घराच्या बोर्डात घालण्यास नाही. मीटरच्या बाबतीत एक सापळा सर्वांना माहीत असावा: प्रवाह मोजण्यासाठी लाल दोरी १० अँपिअरच्या छिद्रात घातली, ती तशीच राहिली आणि नंतर व्होल्ट मोजण्यासाठी दोन्ही टोके बोर्डात घातली, तर तो सरळ शॉर्टसर्किट असतो आणि मीटर हातातच फुटू शकतो. म्हणून मीटर हातात घेतला की आधी छिद्रांकडे पाहावे, मग तबकडीकडे.

कामाची जागा कोरडी असावी. पायात रबरी चप्पल असावी. अंगठी, कडे, घड्याळ आणि गळ्यातील साखळी काढून ठेवावी. काही जण पायाखाली लाकडी पाट घेतात, ती सवय चांगली आहे, पण पाटावर उभे राहून टेस्टरवर विश्वास ठेवू नये. त्याचे कारण वर आलेच आहे.

४. घरच्यांना आधी सांगा

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात. घरात कुणालाही न सांगता दुरुस्ती करू नये आणि एकट्याने तर मुळीच करू नये. मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा पाडायचा, हे घरातील किमान एका माणसाला दाखवून ठेवावे. ‘काम चालू आहे, हात लावू नये’ असे कागदावर लिहून तो कागद खटक्यावर चिकटवावा. आपण आत वायर धरून बसलेलो असताना ‘दिवे का गेले’ म्हणून कुणीतरी बाहेर येऊन मेन वर करते, असे प्रकार घरोघरी होतात.

कुणाला शॉक लागून तो चिकटला, तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन पाडावा. ते शक्य नसेल तर कोरडी काठी, प्लास्टिकची खुर्ची किंवा तत्सम कोरड्या वस्तूने त्याला दूर लोटावे. तो शुद्धीवर नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ किंवा ११२ वर फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब देण्यास सुरुवात करावी: मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढ माणसासाठी ५ ते ६ सेंटिमीटर खोल. कांदा हुंगवणे, पाणी पाजणे यात वेळ घालवू नये. शॉक लागलेला माणूस उठून बसला आणि ‘मला काही झाले नाही’ म्हणाला, तरी हृदयाचा आलेख काढून घ्यावा. मी स्वतः तो दुसऱ्या दिवशी काढला. खरे तर त्याच दिवशी काढायला हवा होता.

५. बोर्डाची परीक्षा

उपकरण तपासण्यापूर्वी ते ज्या बोर्डात लागते तो तपासावा, कारण निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. आरसीसीबी असेल तर तिच्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण दाबावे. ती तत्काळ पडली पाहिजे. न पडल्यास ती बदलेपर्यंत दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. ही तपासणी एरवीही महिन्यातून एकदा करावी.

नंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवून तीन मोजमापे घ्यावीत. मीटरच्या दोऱ्या धरताना बोटे टोकापासून दूर, आवरणाच्या कडेमागे असावीत. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० च्या आसपास आकडा यावा. फेज आणि अर्थ यांमध्येही जवळपास तोच यावा. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये एखाद-दोन व्होल्ट दिसावेत. फेज आणि अर्थ यांमध्ये काहीच न येणे किंवा अधांतरी भरकटणारा आकडा येणे, याचा अर्थ वरच्या मोठ्या छिद्राला अर्थिंग नाही. जुन्या इमारतींत आणि भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास आढळते: बोर्ड तीन छिद्रांचा, पण मागे तारा दोनच.

याउलट न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये अगदी नेमके शून्य आले, तर आनंद मानू नये, संशय घ्यावा. अर्थिंगची तार ओढण्याचा त्रास वाचवण्यासाठी काही जण बोर्डाच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांना एका तुकड्याने जोडून टाकतात. सर्व सुरळीत असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही, पण न्यूट्रलची तार कुठेतरी तुटली, की फेज उपकरणातून फिरून त्या तुकड्यामार्फत उपकरणाच्या धातूच्या अंगावर येतो, आणि फ्रिजच्या मुठीला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. हे काम वायरमनकडून त्याच दिवशी काढून घ्यावे. अर्थिंग किती भार पेलते हे मीटर सांगू शकत नाही, ती चाचणीही वायरमननेच करावी.

मीठ-कोळशाच्या जुन्या पद्धतीचा अर्थिंगचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालण्याची पद्धत होती. ती आता विस्मरणात गेली आहे. माती कोरडी पडली की तिचा रोध वाढतो.

६. वीज तोडणे आणि ती तुटल्याची खात्री करणे

पिनवर चालणारे उपकरण असेल, तर बटण बंद करून थांबू नये. पिन बोर्डातून काढून आपल्या डोळ्यांसमोर, शक्यतो खिशात ठेवावी. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर ते बंद केल्यावर उपकरण थांबते, पण त्याच्या आत फेज जागाच असतो. जुन्या वायरिंगमध्ये हा दोष बाहेरून ओळखता येत नाही.

छताच्या पंख्यासारखे कायम जोडलेले उपकरण असेल, तर क्रम असा ठेवावा: पंख्याचे बटण बंद, मेन बंद, आणि इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या खटक्याने बंद. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर उजेड आहे तोवर पॅनेलपासून येणाऱ्या तारा जिवंतच असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

या क्रमाबरोबरच तीन टप्प्यांची तपासणी करावी. मेन पाडण्यापूर्वी, जिथे वीज नक्की आहे अशा बोर्डावर टेस्टर किंवा मीटर लावून ते साधन चालते हे पाहावे. मेन पाडल्यावर ज्या तारांवर काम करायचे आहे त्या प्रत्येक तारेवर ते लावावे. शेवटी मेन क्षणभर पुन्हा वर करून, त्याच माहितीच्या बोर्डावर साधन अजून चालते याची खात्री करावी आणि मेन परत पाडावा. टेस्टरपेक्षा मीटर चांगला, कारण तो माणसाच्या पायाखाली काय आहे यावर अवलंबून नसतो. हे सगळे दोन मिनिटांत होते. मी माझ्या वेळी ती दोन मिनिटे वाचवली होती.

पंखा किंवा मिक्सर यांचा कपॅसिटर उघडा करण्यापूर्वी त्यातील उरलेला भार काढावा. स्क्रू ड्रायव्हरने दोन टोके जोडून ठिणगी काढण्याची पद्धत कारागीर वापरतात, नवशिक्याने वापरू नये. होल्डरसह एक जुना तारेचा बल्ब घेऊन त्याच्या दोन तारा कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद लावाव्यात आणि मग मीटरने शून्य आल्याचे पाहावे. पंख्याच्या २.५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधील भार सहसा जीव घेत नाही, पण स्टूलवरच्या माणसाला खाली पाडण्यास पुरेसा असतो.

७. उघडताना: शेजारच्या काकूंची इस्त्री

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू आपली इस्त्री घेऊन आल्या. ‘तापते चांगली, पण हात लावला की मुंग्या येतात, म्हणून मी हाताला फडके गुंडाळते,’ असे त्यांनी अगदी सहज सांगितले. इस्त्रीला तीन पिनांऐवजी दोन पिनांचा टॉप (बोर्डात घालायचा प्लग) होता, कारण मूळ पिन वितळल्यावर कुणीतरी तो बसवून दिला होता. टॉप उघडला तर हिरवी-पिवळी तार मुळापाशी कापून चिकटपट्टीत गुंडाळलेली.

मागचे झाकण दोन स्क्रूंवर होते. उघडण्यापूर्वी एक आणि उघडल्याबरोबर दुसरे असे छायाचित्र घेतले, कारण परत जोडताना कोणती तार कुठे होती हे लक्षात राहील असे प्रत्येकाला वाटते आणि कुणाच्याही लक्षात राहत नाही. वायर जिथे इस्त्रीत शिरते तिथल्या रबरी नळीत ती रोज वाकत असते आणि बहुतेक इस्त्र्यांचा बिघाड तिथेच असतो. येथेही तेच झाले होते. तपकिरी तारेचे आवरण करपून ठिसूळ झाले होते आणि तिच्या केसासारख्या तांब्याच्या धाग्यांपैकी दोन-तीन बाहेर येऊन धातूच्या पट्टीला टेकत होते. मूळ तीन पिनांचा टॉप आणि बोर्डाला अर्थिंग असते, तर हा प्रवाह अर्थच्या तारेने निघून गेला असता आणि आरसीसीबीने इस्त्री चालूच होऊ दिली नसती. दोन पिनांवर मात्र तो काकूंच्या हाताची वाट पाहत राहिला.

अशा दुरुस्तीत तुटलेल्या भागावर चिकटपट्टी लावू नये. इस्त्रीच्या आत ती वितळून ओघळते. पूर्ण वायरच बदलावी, आणि तीही कापडी आवरणाची, तीन तारांची, आयएसआय चिन्ह असलेली घ्यावी, कारण साधी प्लास्टिकची वायर तापलेल्या तळाला लागली की वितळते. १,००० वॅटची इस्त्री सव्वाचार-साडेचार अँपिअर घेते, त्यासाठी ०.७५ चौरस मिलिमीटरची तार पुरेशी असते. तारेचे धागे नीट पिळून, एकही बाहेर न ठेवता स्क्रूखाली घ्यावेत. आतल्या तारांवर पांढऱ्या काचधाग्याच्या नळ्या असतात, त्या फाटल्या असल्यास तशाच नव्या बसवाव्यात.

अर्थिंगचा स्क्रू गंजलेला असतो किंवा त्याखाली रंगाचा थर असतो. पॉलिश पेपरने तो चकचकीत करूनच तार बसवावी. टॉपच्या आत पिनांजवळ एल, एन आणि ई या अर्थाची रोमन अक्षरे कोरलेली असतात: तपकिरी एलला, निळी एनला, हिरवी-पिवळी ईला. ई पिनेची तार इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेली तर ती सर्वांत शेवटी सुटेल. टॉपची अर्थची पिन लांब असते तीही याच विचाराने, आत जाताना आधी लागावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी म्हणून. वायर आवळणारी पट्टी बसवायला विसरू नये. तिच्याविना वायरचा सगळा ताण स्क्रूंवर येतो.

रंगांबाबत एक इशारा. उपकरणाच्या वायरमध्ये निळी तार न्यूट्रल असते, पण थ्री-फेज जोडणी असलेल्या घराच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेज असतात आणि न्यूट्रल काळी असते. भिंतीतील निळी तार पाहून ‘ही न्यूट्रलच’ असे गृहीत धरू नये. शिवाय पूर्वीच्या कारागिराने हाताला आलेला रंग वापरलेला असू शकतो.

८. पुन्हा पिन लावण्यापूर्वीची तपासणी

झाकण बसवल्यानंतर, पिन बोर्डापासून दूर असताना, मीटर ओहमवर ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, अर्थची पिन आणि इस्त्रीचा धातूचा तळ यांमध्ये रोध शून्याच्या अगदी जवळ हवा. मीटरची दोन टोके एकमेकांना लावल्यावर जो आकडा येतो, त्याहून फार जास्त नको.

दुसरी, फेजची पिन आणि तळ, तसेच न्यूट्रलची पिन आणि तळ यांमध्ये मीटरने काहीच जोडणी दाखवू नये. थर्मोस्टॅट (उष्णता ठरावीक ठेवणारा खटका) चालू स्थितीत ठेवूनच हे पाहावे, अन्यथा अर्धे उपकरण तपासायचे राहून जाते.

तिसरी, फेज आणि न्यूट्रल यांच्या पिनांमध्ये उपकरणाच्या वॅटशी जुळणारा रोध यावा. २३० चा वर्ग करून त्याला वॅटने भागले की तो मिळतो: १,००० वॅटच्या इस्त्रीसाठी सुमारे ५३ ओहम, ७५० वॅटसाठी सुमारे ७०. शून्य आले तर आत शॉर्ट आहे, काहीच आले नाही तर एलिमेंट (तापणारी तार), थर्मोस्टॅट किंवा वायर तुटलेली आहे. हा हिशेब तापणाऱ्या उपकरणांनाच लागू पडतो, मोटारीला नाही.

मीटरची बॅटरी काही व्होल्टचीच असते, त्यामुळे २३० व्होल्टला फुटणारी गळती तिला दिसेलच असे नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त दाब देऊन आवरणाचा रोध मोजणारे साधन, लागतो. तो दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात असतो आणि आवरणाचा रोध निदान १ मेगाओहम यावा अशी अपेक्षा असते. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या ओव्हनचे किंवा किटलीचे एलिमेंट आतल्या पावडरीत ओल शोषते आणि पहिल्याच वापराला आरसीसीबी पडते. अशा वेळी आरसीसीबी ‘फार नाजूक आहे’ म्हणून ती काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

बरेच कारागीर पहिली चाचणी सिरीज बोर्डावर घेतात. उपकरणाच्या वाटेत १०० वॅटचा तारेचा बल्ब जोडलेला असतो, त्यामुळे आत शॉर्ट असला तरी धमाका होत नाही, फक्त बल्ब पूर्ण पेटतो. मिक्सर किंवा पंख्यासाठी हे उत्तम आहे. इस्त्रीवर मात्र फसगत होते: ५३ ओहमचे एलिमेंट बल्बच्या मानाने इतके लहान असते की उपकरण धडधाकट असूनही बल्ब जवळजवळ पूर्णच पेटतो. आणि बल्ब न पेटणे हा गळती नसल्याचा पुरावा नव्हे, कारण १०० वॅटचा बल्ब दिसण्याइतका उजळायला जेवढा प्रवाह लागतो, त्याहून कमी प्रवाहात माणूस दगावू शकतो. या बोर्डावर एलईडी बल्ब चालत नाही.

९. पहिला वापर

आरसीसीबी असलेल्या, अर्थिंग तपासलेल्या बोर्डातच पिन लावावी. आधी पिन, मग बटण, हा क्रम ठेवावा आणि बटण दाबताना उपकरणाला हात लावलेला नसावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून उपकरणाचे धातूचे अंग आणि बोर्डाची अर्थ यांमध्ये आकडा पाहावा, तो शून्याजवळ हवा. पंधरा मिनिटे चालू ठेवून नंतर पिन काढावी आणि टॉप हाताने चाचपावा. तो गरम लागला, तर आतला एखादा स्क्रू ढिला आहे. टू-पिन कन्व्हर्टर किंवा लोंबकळणारी एक्स्टेंशन वापरून इस्त्री, गीझर, रॉड चालवू नये, कारण तिथे अर्थ पुन्हा तुटते आणि केलेले काम वाया जाते. दुरुस्तीची तारीख आणि काय बदलले ते एका चिठ्ठीवर लिहून ती उपकरणाच्या तळाशी चिकटवावी.

काकूंची इस्त्री त्याच संध्याकाळी तयार झाली, पण मी ती लगेच परत दिली नाही. नवा तीन पिनांचा टॉप लावायला त्यांच्या घरी गेलो आणि मीटर घालून पाहिला, तर फेज आणि अर्थ यांमध्ये आकडा कधी ४०, कधी ७०, असा भरकटत होता: बोर्डाच्या मागे हिरवी तार नव्हतीच. वायरमनला निरोप दिला. तो येऊन वीजमीटरपासून अर्थची तार ओढेपर्यंत नऊ दिवस गेले. तोवर काकू कपडे घेऊन आमच्याकडे येत आणि इस्त्री होईपर्यंत चहा पीत. फडके मात्र त्या पहिले दोन दिवस हाताला गुंडाळतच होत्या.